मोज्यांच्या कप्प्यातली बाटली

पत्र (थोडं आटोपतं करून):

"ताई, तुमचं सदर नेहमी वाचते, पण सासू-सुनांच्या प्रश्नांत माझा प्रश्न बसेल का, माहीत नाही. आम्ही वीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनात आहोत. मुलाला सतरा पूर्ण झाली, शाळेचं शेवटचं वर्ष, बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे आपल्याकडच्या बोलरसारखा चेंडू टाकणारा. ताशी 92 मैल टाकतो. मार्चपासून प्रत्येक मॅचला जाळीमागे स्पीडगन घेऊन माणसं बसलेली असतात. एका विद्यापीठाने संघात जागा देऊ केली आहे. पण आमचा सल्लागार म्हणतो, जुलैच्या ड्राफ्टमध्ये (क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यात) एखादा क्लब तीन लाख डॉलरपर्यंत देईल. तेव्हापासून ह्यांचे पाय जमिनीवर नाहीत. हे साताऱ्याला क्लब क्रिकेट खेळलेले. म्हणतात, 'उत्तर प्रदेशातल्या त्या दोन पोरांनी बेसबॉल कशाशी खातात हे माहीत नसताना करार मिळवला, आपला तर इथेच वाढलाय.' हेही म्हणतात की कोपराला काही झालंच तर ते टॉमी जॉनचं ऑपरेशन करून पोरं आणखी जोरात टाकायला लागतात. पुण्याहून सासूबाई विचारतात, 'चेंडू फेकायचा पगार देतात का कोणी?'

खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या आठवड्यात धुतलेले कपडे ठेवताना त्याच्या मोज्यांच्या कप्प्यात इबुप्रोफेन या वेदनाशामकाची दोनशे गोळ्यांची बाटली सापडली, निम्म्याहून जास्त संपलेली. खोदून विचारल्यावर म्हणाला, फेब्रुवारीपासून कोपर आतल्या बाजूने दुखतो. 'बाबांना किंवा कोचना सांगितलंस तर पुन्हा तुला कधी काही सांगणार नाही.' पुढच्या शुक्रवारी मोठी मॅच आहे, चार क्लबांची माणसं यायची आहेत. मी काय करू? सही करू द्यावी की कॉलेजला पाठवावं? मी त्याच्या स्वप्नाच्या आड येतेय का? – एक आई"

ताई,

शुक्रवारी तो खेळणार नाही. आधी एवढं पक्कं करा, मग बाकीचं वाचा.

तुम्ही विचारलंय सही की कॉलेज. तो प्रश्न जुलैचा आहे आणि त्याच्याकडे मी येतेच. बाटलीचा प्रश्न मात्र आजचा आहे, आणि तो सुटल्याशिवाय जुलैचं काही खरं नाही. ज्या कोपराच्या भरवशावर तीन लाखांचं बोलणं चाललंय, तो कोपर कसा आहे हे आज घरात कोणालाच माहीत नाही. मुलालाही नाही. त्याला फक्त दुखतंय एवढं माहीत आहे.

हे मी लांबून सांगत नाही. माझा धाकटा कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत पिचर होता. छोटं कॉलेज, नाव घेत नाही. एका शनिवारी त्याच्याकडून सव्वाशेच्या वर चेंडू टाकून घेतले आणि सोमवारी संघ अडचणीत आला म्हणून पुन्हा उभा केला. त्याआधी दोन महिने सुट्टीला घरी आला की मी स्वतः बर्फाची पिशवी भरून द्यायचे, फ्रीजरमध्ये मटाराच्या पाकिटाशेजारी दोन पिशव्या कायम तयार. वाटायचं, काळजी घेतोय आपण. तो दाराची मूठ डाव्या हाताने फिरवायचा. चहाचा कप डाव्या हाताने उचलायचा. मला हे सगळं दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागला तो त्या सोमवारी, फोन आल्यावर. कोपरात 'टक्' झालं म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या पोरालाही ऐकू गेलं म्हणे.

म्हणून आधी कोपराचंच. पिचर उभा राहतो त्या टेकाडावरून जोर लावून चेंडू टाकताना हात मागे जाऊन पुढे येतो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला जो ताण बसतो, तो तिथल्या अस्थिबंधाला (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीला) एकट्याला पेलण्यासारखा नसतोच. मृतदेहांच्या कोपरांवर प्रयोग करून हे मोजलेलं आहे. कोपर ते मनगट भागातले स्नायू अर्धा भार उचलतात म्हणून तो तुटत नाही. स्नायू थकले की सगळा भार त्या इवल्याशा पट्टीवर येतो. मग आज नाही तर महिन्याभराने ती विरते, धोतर विरतं तशी, एकेक धागा करत.

तुमच्या ह्यांना एक गोष्ट नीट सांगावी लागेल. आपल्याकडच्या मैदानावर गोलंदाजाला 'फेकतोय' म्हणणं म्हणजे शिवी. हात सरळ ठेवून टाकायचा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. इथे फेकणं हाच धंदा आहे. फास्ट बोलर पाठीने आणि गुडघ्याने किंमत मोजतो, पिचर कोपराने आणि खांद्याने. क्रिकेटमधला त्यांचा अनुभव इथे कामाचा नाही, असं त्यांना मी सांगितलं म्हणून सांगा. राग माझ्यावर येऊ दे.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमला अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. तिथल्या लोकांनी 2006 मध्ये ऑपरेशनची वेळ आलेल्या किशोरवयीन पिचरांची, न आलेल्यांशी तुलना केली. हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता 36 पट निघाली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांत 5 पट. आणि तुमच्या पत्राशी जुळणारी ओळ ही: ज्यांचे हात गेले, ती मुलं दुखापत होऊ नये म्हणून सूज उतरवण्याच्या गोळ्या आणि बर्फ इतरांपेक्षा जास्त वापरत होती. तुमच्या हाताला लागलेली बाटली त्यातलीच, आणि माझ्या फ्रीजरमधल्या पिशव्याही त्यातल्याच.

मोठ्या पत्रात तुम्ही त्याचं वर्षाचं वेळापत्रक लिहिलंय. वसंतात शाळा, त्यातच रविवारी दुसरा संघ, उन्हाळाभर स्पर्धा, शरदात स्काउटांसमोर (क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांसमोर) दाखवायचे सामने, हिवाळ्यात खासगी ट्रेनरकडे जड चेंडू. सुट्टी म्हणाल तर थँक्सगिव्हिंगचे दोन आठवडे. मेजर लीग (व्यावसायिक बेसबॉलची सगळ्यात वरची पायरी) आणि यूएसए बेसबॉल (देशाची बेसबॉल संघटना) यांनी मिळून 2014 मध्ये 'पिच स्मार्ट' नावाची नियमावली काढली. तिच्यात या वयासाठी वर्षाला किमान चार महिने सामन्यात पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग हात डोक्यावर नेऊन काहीच फेकायचं नाही, असं आहे. दिवसाला जास्तीत जास्त 105 चेंडू आणि 80 च्या पुढे गेलं की मध्ये चार दिवस विश्रांती. एकाच हंगामात दोन संघांकडून टाकू नये, हेही आहे. हे गुप्त ज्ञान नाही, नेटवर फुकट मिळतं. शाळेचा कोच आपले चेंडू मोजतो, रविवारचा कोच आपले मोजतो. दोघांची बेरीज कोण करतं? घरात कोणीतरी करायला हवी होती. मीही केली नव्हती, तेव्हा हा टोमणा समजू नका.

आता वचनाचं. त्याला न सांगता थेट नवऱ्याला सांगू नका. सतरा वर्षांच्या मुलाने आईला एवढं सांगितलं, ही साधी गोष्ट नाही, ती घालवू नका. पण गप्पही बसू नका. त्याला म्हणा, "रविवारपर्यंत तू बाबांना सांग. मी शेजारी बसते. नाही सांगितलंस तर रविवारी रात्री जेवण झाल्यावर तुझ्यासमोर मी सांगेन. तोपर्यंत बॉलला हात लावायचा नाही." तो चिडेल. दार आपटेल. एक-दोन दिवस जेवणाचं ताट खोलीत नेईल. चालेल.

तो म्हणेल, कोपराचं कळलं तर मला कोणी घेणारच नाही. यावर बोलायला तुमच्याजवळ दोन गोष्टी असू द्या, दोन्ही त्याच्या खेळातल्या आणि बहुधा त्याला ठाऊक असलेल्या.

आर. ए. डिकी. 1996 मध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं, 8,10,000 डॉलर ठरले. मग क्लबच्या माणसांना एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो दिसला. इतर खेळाडूंबरोबर नुसता उभा होता, पण उजवा हात जरा विचित्र लोंबत होता. तपासणी केली तर कोपरात तो अस्थिबंध मुळात नव्हताच! 8,10,000 चे 75,000 झाले. फोटोवरून ताडणारी माणसं आहेत ही. सही करण्याआधी ती तुमच्या मुलाचा हात बोटाबोटाने तपासणार. मोज्यांचा कप्पा आईपासून लपतो, क्लबच्या डॉक्टरपासून लपत नाही. (डिकीचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्षानुवर्षं धक्के खाऊन तो नकलबॉल शिकला, गिरकी न घेता हवेत डुलत जाणारा संथ चेंडू, आणि 2012 मध्ये मेट्सकडून सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक घेतलं. पण तो डिकी. त्याच्या वाटेवर पोराला पाठवू नये.)

दुसरा कुमार रॉकर. आई भारतीय वंशाची, वडील अमेरिकन फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू आणि कोच. 2018 मध्ये शाळेतून निघताना कोलोरॅडोने त्याला 38 व्या फेरीत निवडलं होतं, तो सही न करता व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात गेला. 2019 च्या एका बाद फेरीच्या सामन्यात 19 जणांना स्ट्राइकआउट करून (चेंडू नीट मारूच न देता बाद करून) त्याने एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, दिली नाही. 2021 मध्ये मेट्सने दहाव्या क्रमांकावर घेतलं, 60 लाख डॉलरचं बोलणं झालं. मग वैद्यकीय तपासणीत काहीतरी दिसलं आणि क्लबने करारच दिला नाही. साठ लाख हातातोंडाशी येऊन गेले. त्या सप्टेंबरात खांद्याचं ऑपरेशन झालं. 2022 मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या स्वतंत्र संघाकडून खेळला आणि त्याच वर्षी रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेऊन 52 लाख दिले. 2023 मध्ये कोपराचं ऑपरेशन. 2024 च्या सप्टेंबरात मेजर लीगचा पहिला सामना.

मुलाला यातलं एवढंच दाखवा: हात बिघडला म्हणून दार बंद झालं नाही. बिघाड माहीत असूनही लोकांनी पैसे मोजले. सप्टेंबरमध्ये दुरुस्त होऊ शकणारा कोपर त्याने एप्रिलमध्ये गोळ्या खाऊन पार तोडून घेतला, तर मात्र मोजायला काही उरणार नाही.

पुढच्या आठवड्यात खेळाडूंचे हात बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे वेळ घ्या. फॅमिली डॉक्टर नको, तो 'विश्रांती घ्या' म्हणेल आणि मुलगा चार दिवसांनी पुन्हा मैदानावर जाईल. कधीपासून दुखतं, नेमकं कुठे दुखतं, किती गोळ्या झाल्या, हे त्याने स्वतः सांगायचं. कोपराच्या आतल्या हाडाजवळ, जिथे काही लागलं की झिणझिण्या येतात, तिथे दुखतं का? करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर होतं का? हात मोकळा व्हायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? डॉक्टर एमआरआय सांगतील असं धरून चला. निघालं काहीच नाही, नुसती सूज, तर सहा-आठ आठवड्यांत प्रश्न मिटेल आणि ड्राफ्टच्या आत तो पुन्हा टाकत असेल. थोडा फाटलेला असेल तरी प्रत्येक वेळी कापाकापी लागत नाही.

टॉमी जॉनच्या ऑपरेशनबद्दलचा ह्यांचा समज मात्र मुळापासून काढा. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. 1974 च्या जुलैत कोपर गेला. सप्टेंबरात डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हातातली एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात ओवली. आधी कोणावर केलं नव्हतं, परत खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती. 1975 पूर्ण बाहेर बसून तो 1976 ला परतला आणि 1989 पर्यंत टाकत राहिला. 288 विजयांपैकी 164 ऑपरेशननंतरचे. या कथेवरून लोकांनी काढलं काय, तर ऑपरेशन हात सुधारतं! काही पालक धडधाकट कोपरावर ते करून मागायला लागले, इतकी ही समजूत पसरली. परत आल्यावर वेग वाढलेला दिसतो तो वर्षभराच्या व्यायामाने, आणि मधल्या वर्षात मुलगा वयाने वाढतो त्याने.

ती कंडरा बघायची असेल तर आत्ता बघा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट किंचित आत वाकवा. मधोमध एक दोरी वर येईल. काहींना ती नसतेच, माझ्या डाव्या हाताला नाही. ती नसल्याने कसलंही काम अडत नाही, म्हणून तर काढून घेतात. धाकट्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी त्याला हेच करायला लावलं आणि आम्ही तिघेही खोलीत आपापली मनगटं वाकवून बघत बसलो होतो. दहा मिनिटं छान गेली. पुढचे चौदा महिने नाही. पहिल्या दीड महिन्यात शर्टाची बटणंसुद्धा मी लावली. परत आला, एक हंगाम टाकला, मग स्वतःच थांबला. आज त्याचा उजवा कोपर पूर्ण सरळ होत नाही. दिवाळीला वरच्या फळीवरचा चकलीचा डबा काढताना हात तेवढाच वाकडा राहतो.

आता पैसा. इथे तुम्ही दोघं हिशोबाला बसा, कारण 'तीन लाख' हा आकडा ऐकायला फार मोठा आहे. सल्लागाराचा वाटा आणि कर जाऊन हातात दोन लाखांच्या आत येतील. पुढे पगार. मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या) खेळाडूंना 2022 मध्ये युनियन मिळाली आणि 2023 च्या पहिल्या करारात पगार ठरले: अगदी खालच्या प्रशिक्षण संघांत वर्षाला 19,800 डॉलर, सिंगल-एला 26,200, सगळ्यात वरच्या ट्रिपल-एला 35,800. राहायची सोय आता क्लब करतात, पूर्वी तीही नव्हती. मेजर लीगचा किमान पगार 2026 साठी 7,80,000. ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांच्यात एका पायरीचं अंतर, पगारात वीसपटीहून जास्त. सासूबाईंना सांगा, चेंडू फेकायचा पगार देतात, पण वरच्या मजल्यावर. आणि वरच्या मजल्यावर जागा किती? 30 संघ, प्रत्येकाच्या 26 जणांत जास्तीत जास्त 13 पिचर. म्हणजे एका वेळी 390 माणसं. ड्राफ्टच्या 20 फेऱ्यांत दरवर्षी सहाशेच्या वर मुलं निवडली जातात आणि त्यांत पिचर खंडीभर. त्याशिवाय डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातून सोळाव्या-सतराव्या वर्षी थेट करार होऊन येणारी मुलं वेगळीच.

शिवाय अठराव्या वर्षी सही केली की सात हंगाम तो त्या क्लबचा. त्यांनी ठेवलं तर ठेवलं, सोडलं तर सोडलं, दुसरीकडे जातो म्हणायची सोय नाही.

92 मैलांचंही बघा. किलोमीटरमध्ये 148. साताऱ्याच्या माणसाला 148 म्हटलं की टेस्ट कॅप दिसते, त्यांचा दोष नाही. पण मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये 91.3 मैल होता, तो 2024 मध्ये 94.2 झाला. तुमच्या मुलाचा वेग अठरा वर्षांपूर्वी सरासरीच्या वर होता, आज खाली आहे. सतराव्या वर्षी हा वेग खरोखर चांगला आहे आणि तो वाढेल. पण तो वाढवायच्या नादातच जड चेंडू, ट्रेनर आणि बाटली आली. मेजर लीगने स्वतः 2024 च्या डिसेंबरात पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही बोट वेगाच्या मागे लागण्याकडेच आहे.

उत्तर प्रदेशातल्या मुलांचं तेवढं सांगून टाकते. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघं भालाफेकपटू. 2008 मध्ये चेंडू जोरात टाकायच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. कौतुकच आहे. पण दिनेशला 2010 मध्ये सोडलं. रिंकू आणखी काही वर्षं खालच्या पायऱ्यांवर टाकत होता, मग हाताच्या दुखापती, आणि शेवटी तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. मेजर लीगमध्ये दोघांपैकी कोणी पोचलं नाही. ही गोष्ट करार मिळाल्याची आहे. ह्यांनी ती करारापाशीच थांबवलीय.

तर मग कॉलेज? माझा कल तिकडे आहे, पण 'कॉलेज म्हणजे सुरक्षित' असं समजून नको. माझ्या मुलाचा हात कॉलेजातच गेला. क्लबने पैसे गुंतवलेले असतात, म्हणून तो चेंडू मोजतो, निदान वरच्या फेऱ्यांतल्या मुलांचे. कॉलेजच्या कोचला हा शनिवार जिंकायचा असतो. म्हणून कॉलेजला हो म्हणण्याआधी त्या कोचला दोन गोष्टी विचारा: गेल्या दोन वर्षांत त्याच्या पिचरांपैकी किती जणांची ऑपरेशनं झाली, आणि आमचा मुलगा दुखापतीने वर्षभर बसला तर शिष्यवृत्ती राहणार का. दुसऱ्याचं उत्तर कागदावर घ्या. बेसबॉलला फुटबॉलसारखी पूर्ण फी क्वचितच मिळते. पूर्वी पहिल्या श्रेणीच्या संघाला सगळ्या मुलांत मिळून 11.7 शिष्यवृत्त्या वाटायच्या असत. आता नियम सैल झालेत, पण किती द्यायचं हे ज्याच्या-त्याच्या हातात.

कॉलेजात गेला म्हणजे वेळ गेला, असंही नाही. चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झालेला मुलगा तिसरं वर्ष संपल्यावर किंवा एकवीस वर्षांचा झाल्यावर पुन्हा ड्राफ्टला येतो. जेकब डिग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक होता, पिचिंग सुरू केलं तिसऱ्या वर्षी. 2010 मध्ये नवव्या फेरीत गेला, त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन, मेजर लीगचा पहिला सामना 2014 मध्ये, वय पंचवीस. पुढे दोन साय यंग. उलट क्लेटन केर्शॉ शाळेतूनच थेट गेला आणि विसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये उभा राहिला. पण त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं होतं. तुमच्या मुलाचं बोलणं चाललंय ते तेवढ्या किमतीचं नाही.

म्हणून मी असं करेन. डॉक्टरांचा रिपोर्ट आल्यावर तिघं बसा आणि एक आकडा कागदावर लिहा: एवढे मिळाले तर सही, एक डॉलर कमी असेल तर कॉलेज. त्यात चार वर्षांच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लबकडून करारातच लिहून घ्यायचा, तशी पद्धत आहे, सल्लागाराला माहीत असणार. तुमच्या घरची परिस्थिती पत्रावरून जेवढी कळली, त्यात तीन लाख हा तो आकडा नसावा असं मला वाटतं. पण आकडा तुमचा. फक्त तो जुलैच्या आधी लिहा. ड्राफ्टच्या दिवशी फोनवर पलीकडचा माणूस "दोन मिनिटांत सांगा" म्हणत असतो, तेव्हा साताऱ्याचा क्लब क्रिकेटर काय बोलेल ते तुम्ही आणि मी दोघी जाणतो.

आणि शेवटचं तुमचं. स्वप्नाच्या आड येतेय का, विचारलंत. बाटली सापडल्यावर ती परत मोज्यांखाली ठेवून कप्पा बंद केला असतात, तर आला असतात. मला वाटतं, त्याने ती तुम्हाला सापडेल अशाच जागी ठेवली होती. मोजे धुऊन कोण ठेवतं, हे त्याला माहीत नाही का? माझ्या धाकट्याला बऱ्याच वर्षांनी विचारलं, तेव्हा का नाही बोललास? म्हणाला, "तू विचारलं नव्हतंस."

बाटली आता स्वयंपाकघरात ठेवा, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी. डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यायची आहे. गाडीत तो हेडफोन लावून बसेल, बसू द्या. रिपोर्ट आला की कळवा, इंग्रजीतला तसाच पाठवलात तरी चालेल.